क्लच नसलेली गाडी

४ फेब्रुवारी

परिवहन कार्यालयाचं पत्र आलं. शिकवणीच्या गाड्यांना आता पंधरा वर्षांची मर्यादा आहे. आमच्या गाडीला सोळावं लागलंय. तीस एप्रिलनंतर ती शिकवणीला चालणार नाही.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि म्हणाले, "म्हातारीला रिटायर केलं."

गाडीला आम्ही सगळे म्हातारीच म्हणतो. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे ही एक गाडी, बाबा, आणि पुढच्या खोलीतलं एक टेबल. टेबलाशी बसून आई शिकायला येणाऱ्यांची नोंद ठेवते.

जेवायला काका होते. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांचं टायरचं दुकान आहे आणि प्रत्येक गोष्टीवर मत आहे. "माझ्या ओळखीत एक गाडी आहे. उद्या दारात आणून उभी करतो," ते म्हणाले.

"नको," बाबा म्हणाले. "गाडी ही ठरवेल."

'ही' म्हणजे मी. काकांचा घास हातातच राहिला.

"घरात एक माणूस शिकलंय, ते काय भिंतीवर टांगायला?" बाबा म्हणाले.

माझं पदवीचं प्रमाणपत्र खरं तर भिंतीवरच टांगलेलं आहे, कॅलेंडरच्या शेजारी. पण त्यांचा मुद्दा माझ्या लक्षात आला. मी पर्यावरणशास्त्राची पदवीधर आहे. आमच्या घरातली पहिली. आजवर घराने मला दोनच गोष्टी विचारल्या होत्या: लाइट बिल मोबाइलवरून कसं भरायचं, आणि भरलं ते गेलं का. सकाळी मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत जाते आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. म्हणजे पदवीला तसं काम कमीच आहे.

जबाबदारी स्वीकारली. त्यासाठी ही वही.

५ फेब्रुवारी

सर्वांत पर्यावरणस्नेही गाडी म्हणजे न घेतलेली गाडी. हे मी सकाळीच बाबांना सांगितलं.

"मग शिकवू कशावर? खाटेवर?"

प्रश्न रास्त आहे. गाडी घ्यावी लागेल.

इथे एक कबुली लिहून ठेवते. मला स्वतःला गाडी येत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर बाबांनी चावी पुढे केली होती, मी तत्त्व म्हणून घेतली नाही. मी सायकल वापरते. बाबा तेव्हा "बरं" म्हणाले. बाबा बऱ्याच गोष्टींना बरं म्हणतात. त्यामुळे माझं मत तटस्थ राहील असं वाटतं.

९ फेब्रुवारी

तक्ता तयार झाला. एक्केचाळीस रकाने. धूर सहा रकान्यांत संपतो. सातपासून पुढे बॅटरीतली खनिजं कुठून येतात, खाणीत राबणाऱ्यांना मजुरी नीट मिळते का, मोडीत निघाल्यावर गाडीचं काय होतं, वगैरे. तेविसाव्यात शिकायला येणाऱ्यांचे व्यवसाय आहेत. शिकून झाल्यावर ते किती गाडी चालवणार याचा अंदाज हवा, म्हणून.

त्यासाठी आईची नोंदवही मागितली. तीत नावं नाहीत. 'चष्मेवाला', 'घाबरट', 'घाबरट दुसरी', 'मान हलवणारे', 'ब्रेक' असं लिहिलेलं आहे.

"ब्रेक कोण?"

"तो सारखा दाबतो."

"पण आई, यांची नावं?"

"नावावरून माणूस ओळखू येतो का?" आईने वही काढून घेतली.

व्यवसाय एकेकाला विचारून भरावे लागणार.

१२ फेब्रुवारी

गॅसवर चालणारी गाडी बाद. सर्वांत जवळचा गॅसपंप इतका लांब आहे की गॅस भरायला जाण्यातच गॅस संपेल.

हायब्रिडही बाद. तीत पेट्रोलही असतं आणि वीजही. दोन दगडांवर पाय ठेवणारी वस्तू मला पटत नाही. काका म्हणाले, "अगं शास्त्रज्ञबाई, दोन दगडांवर पाय ठेवल्याशिवाय नाला ओलांडता येतो का?"

नोंद घेतली. पण बाद ती बाद.

१७ फेब्रुवारी

आज शोरूम. हे तिसरं. बाबा बरोबर होते.

टाय घातलेल्या विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, रंग कुठला बघताय?" मी म्हटलं, "बॅटरीतला कोबाल्ट कुठला आहे?" त्याने साहेबांना बोलावलं. साहेबांनी माहितीपत्रक आणलं. माहितीपत्रकावर डोंगर होता. पर्यावरणाचं काही विचारलं की हे लोक डोंगर दाखवतात. तिन्ही शोरूममध्ये डोंगर तोच होता.

मग विजेची गाडी चालवून बघितली. म्हणजे बाबांनी. मी मागे बसले. गाडी आवाज न करता निघाली. बाबांनी दोनदा विचारलं, "चालू झाली?"

"झाली की सर! निघालोसुद्धा," विक्रेता म्हणाला. "हिच्यात तुम्हाला काही करावंच लागत नाही. नुसतं बसायचं."

"हो, दिसतंय ते."

बाबांचा डावा पाय सारखा खाली काहीतरी चाचपत होता. चप्पल निसटली असावी.

उतरल्यावर त्यांना मत विचारलं. ते म्हणाले, "छान आहे. लहान मूल गाढ झोपेल हिच्यात." अनुकूल म्हणून नोंदवलं.

२३ फेब्रुवारी

म्हातारी शिकवणीत किती इंधन जाळते हे मोजायला आज मागच्या सीटवर बसले. वही, पेन्सिल आणि घड्याळ घेऊन.

पुढे सिस्टर होत्या. आईच्या वहीतली 'घाबरट दुसरी' म्हणजे ह्याच. दवाखान्यात नर्स आहेत. परीक्षेत दोनदा नापास झाल्या आहेत, दोन्ही वेळा चढावर. चढावर थांबून पुन्हा निघताना गाडी मागे जाऊ द्यायची नसते. डाव्या पायाने क्लच अर्धवट सोडून तिथेच धरायचा असतो. बाबा त्याला 'हाफ क्लच' म्हणतात, आणि मंदिरात बोलावं तशा आवाजात म्हणतात.

बाबांनी त्यांना पाण्याच्या टाकीमागच्या चढावर नेलं. गाडी बंद पडली. चालू केली. पडली. असं चौदा वेळा झालं. मागे एक टेम्पो हॉर्न वाजवत होता.

"माझ्याने नाही होणार, सर," सिस्टर म्हणाल्या. डोळ्यांत पाणी.

"टेम्पोकडे बघू नका, त्याला घरी कोणी बोलत नाही म्हणून तो इथे बोलतोय," बाबा म्हणाले. "मला सांगा, इंजेक्शन देताना सुई कशी घालता?"

"हळू."

"आणि काढताना?"

"त्याहून हळू."

"पाय म्हणजे सुई. काढा."

गाडी थरथरली, जागेवर थांबली आणि वर निघाली. सिस्टर ओरडल्या. टेम्पोवालाही ओरडला, पण वेगळ्या कारणाने.

क्लच आणि ब्रेक बाबांच्या बाजूलाही आहेत. त्यांचा पाय सगळा वेळ क्लचवर अधांतरी होता, टेकला एकदाही नाही. उतरल्यावर मी विचारलं, "तुम्ही दाबला असता तर गाडी एकदाही बंद पडली नसती. इतकं इंधन वाचलं असतं."

"मी दाबला तर माझा पाय शिकेल," बाबा म्हणाले. "माझा शिकलाय."

निष्कर्ष: क्लच इंधन वाया घालवतो आणि माणसाला रडवतो. विजेच्या गाडीत तो नाही. रकाना तीस: क्लच — नाही (फायदा).

६ मार्च

अहवाल दोन तारखेला पूर्ण झाला. बत्तीस पानं, चार परिशिष्टं. बाबांनी तो चार दिवसांत वाचला, दोन शिकवण्यांच्या मधे, गाडीत बसून. नवव्या पानावर चहाचा गोल आहे.

त्यांनी एकच शंका काढली. "पान सतरा. गाडी रस्त्यावर यायच्या आधीच, कारखान्यात बनतानाच बराच धूर होऊन जातो म्हणतेस. खरं?"

"खरं."

"म्हणजे नवी घेतली की डोक्यावर आधीच पाप."

"ते भरून निघतं, बाबा. जास्त चालवली की."

"बरं."

८ मार्च

आज घरात सगळ्यांसमोर निर्णय सांगितला: विजेची.

"आणि वीज गेली की?" काका म्हणाले.

"पेट्रोल संपलं की म्हातारी काय करते?" मी विचारलं. काकांनी विषय बदलला. असं सहसा होत नाही.

बाबांनी अहवाल मांडीवर ठेवला होता. त्याच्यावरून हात फिरवत म्हणाले, "ठीक. हीच घेऊ."

आजचा दिवस मला विसरता येणार नाही. घराने विचारलं, मी अभ्यास केला, आणि घराने मानलं. शिकण्याचा उपयोग याहून वेगळा काय असतो? आईला म्हटलं, "तू काहीच बोलली नाहीस." ती म्हणाली, "मी भांडी घासत होते."

९ मार्च

बुकिंग केलं. गाडी एप्रिलच्या मध्यात मिळेल. रंग विचारला तेव्हा बाबा म्हणाले, "हिला विचारा." मी पांढरा सांगितला. ऊन परतवतो.

१५ मार्च

फोन आला की आई सांगते, "आता गिअर शिकायला नवीन कोणाला घेत नाही." आज चौथ्यांदा ऐकलं. बाबांनी एकाला नाक्यावरच्या दुसऱ्या स्कूलचा नंबर दिला. म्हणाले, "तो ओरडतो, पण शिकवतो."

मी त्यांना समजावलं, हा संक्रमणकाळ आहे.

"संक्रमणकाळ म्हणजे?" काकांनी विचारलं.

"मधला काळ."

"म्हणजे उपाशी."

काका प्रत्येक गोष्टीकडे नकारात्मक दृष्टीने बघतात.

बाबा दुपारी पुढच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. दुपारी त्यांना घरात बघण्याची सवय नाही. सोफ्यावर ते पाहुण्यासारखे, कडेला बसतात.

२२ मार्च

सिस्टर आता रोज येतात. म्हातारी जायच्या आत त्यांना परीक्षा द्यायची आहे. आज बाबा हात धूत होते तेवढ्यात मी त्यांना विचारलं, इतकी घाई का? तेविसाव्या रकान्यात त्यांच्यापुढे फक्त 'नर्स' लिहिलं होतं, अधिक तपशील हवा होता.

त्या म्हणाल्या, दवाखान्याने लांबच्या वस्त्यांवर जाण्यासाठी व्हॅन घेतली आहे. नर्सनेच चालवत जायचं, घरोघरी पेशंट बघायचे. जागा एकच आहे. मे महिन्याच्या मध्यापर्यंत परवाना दाखवला तर त्यांना, नाहीतर दुसऱ्या कोणाला.

"म्हणून म्हटलं, सर आहेत तोवर शिकून घ्यावं," त्या म्हणाल्या.

"सर कुठे जाताहेत?"

"नाही, म्हणजे... गिअरचं बंद करणार ना ते." आणि माझ्याकडे बघून हसल्या. चांगल्या मनाने हसल्या. त्यांना कुणी सांगितलेलं नसावं, कुणामुळे.

त्या गेल्यावर तेविसावा रकाना पूर्ण भरून झाला. पहिल्यांदाच वरपासून खालपर्यंत एका दमात वाचला. एकतीस शिकणारे. त्यांतले सव्वीस स्वतःची गाडी घ्यायला शिकत नाहीत. त्यांना कामासाठी दुसऱ्याची गाडी चालवायची आहे: टेम्पो, शाळेची व्हॅन, दुकानाचा छोटा ट्रक, दवाखान्याची गाडी. सगळ्या गिअरच्या. गिअर नसलेल्या गाडीवर परीक्षा दिली तर परवान्यावर तसा शिक्का बसतो, आणि मग गिअरची गाडी चालवता येत नाही.

हा नियम मला ठाऊक नव्हता असं नाही. अहवालात पान अकरावर तो आहे. तळटीप मीच लिहिली आहे.

आई टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करत होती. लिहायला नवीन कोणी नव्हतं.

"आई, बाबांना हे माहीत होतं?"

"कुठलं?"

"की इथे लोक गिअर शिकायला येतात."

"नाही. त्यांना वाटलं हवा खायला येतात."

"मग ते बोलले का नाहीत?"

आईने टोक करणं थांबवलं नाही. "तुला कॉलेजात घातलं तेव्हा तुझे काका म्हणाले, शिकून काय करेल, उद्या आपल्यालाच अक्कल शिकवेल. हे म्हणाले, त्यासाठीच घालतोय. चारचौघांत म्हणाले. आता तू शिकवलीस. नाही कुठल्या तोंडाने म्हणतील?"

"तू तरी सांगायचंस."

"तुला कुठलं ऐकायला वेळ होता? एक्केचाळीस रकाने भरायचे होते."

२४ मार्च

बाबा सकाळी म्हातारीच्या काचा पुसत होते. मी जाऊन उभी राहिले.

"बाबा, बुकिंग रद्द करू या."

"का?"

"तिला क्लच नाही."

"ते मला शोरूममध्येच कळलं."

"मग?"

"मग काय? पान एकोणीसवर लिहिलंयस, रस्त्याकडेच्या शाळांमधल्या मुलांना श्वासाचे त्रास जास्त. ते खोटं आहे का?"

"नाही."

"मी बावीस वर्षं त्याच रस्त्यांवरून दिवसभर गाडी फिरवतोय. बंद पाडत, चालू करत." फडकं पिळून त्यांनी दुसरी काच घेतली. "क्लच आज ना उद्या जाणारच आहे. माझ्याबरोबर गेला तर काय बिघडलं?"

"तुम्ही काय कराल?"

"शेजारी बसेन. ब्रेक असणार आहे की माझ्या बाजूला. एका पायाचं काम. दुसऱ्याला आराम."

 माझाच अहवाल होता आणि बाबा तो मलाच ऐकवत होते, पान क्रमांकासह. तो कोणी इतका मनावर घेईल असं मी धरलं नव्हतं.

घरात येऊन तक्ता उघडला. 'उपजीविकेवर परिणाम' असा रकाना मी घेतला होता. अठरावा. त्यात खाणकामगार आहेत, त्यांच्या बायका आहेत, बंदरावरचे हमाल आहेत. दोन आठवडे लावून भरला होता.

आज कामावर तीन बाटल्यांना चुकीच्या चिठ्ठ्या लागल्या.

२७ मार्च

तीन दिवस खपून नवं गणित मांडलं. बाबांनी आजवर शिकवलेली माणसं, गुणिले त्यांचं रोजचं चालवणं, गुणिले हलक्या पायामुळे वाचलेलं इंधन. उत्तर प्रचंड आलं. सिद्ध झालं की बाबांनी क्लच शिकवणं विजेच्या गाडीपेक्षा पर्यावरणाला जास्त हितकारक आहे. आलेखही काढला.

बाबांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरून बघितला. बोट आलेखाच्या रेषेवरून वर, वर, पार कागदाच्या कडेपर्यंत गेलं.

"हे खोटं आहे ना?"

"अर्धं."

"कुठलं अर्धं?"

"आकडे मी अंदाजाने घेतले. जरा सढळ हाताने. पण पाय हलका असला की इंधन कमी जळतं, हे खरं आहे. आणि सिस्टरना व्हॅन चालवायची आहे, हे खरं आहे."

"मग खरं तेवढं ठेव. बाकीचं खोड."

खोडलं. पहिला अहवाल बत्तीस पानांचा होता. हा अर्ध्या पानाचा झाला. बाबांनी तो उभ्या उभ्या वाचला. त्यात म्हटलं आहे: शिकायला येणाऱ्यांना गिअर लागतो, तो सध्या टाळता येत नाही, म्हणून लहान इंजिनाची, कमी वापरलेली, मर्यादेत बसणारी जुनी गाडी घ्यावी, ती आधीच बनलेली असल्याने कारखान्याचा धूर नव्याने होणार नाही, आणि आधीचा निर्णय घेताना निर्णय घेणाऱ्या व्यक्तीने घरात कोणाला काहीही विचारलं नव्हतं.

"शेवटचं वाक्य काढ," बाबा म्हणाले.

"ते खरं आहे."

"आहे. पण आम्ही तरी कुठे सांगितलं? मग तेही लिही."

तेही लिहिलं. अर्ध्या पानाच्या वर दोन ओळी गेल्या.

"कुठली गाडी ते आता तुम्ही बघा," मी म्हटलं.

"आणि धुराचं?"

"मी येईन बरोबर. बोलणार नाही."

"तू?" आई आतून म्हणाली.

२९ मार्च

काकांना सांगितलं.

"म्हणजे एवढी पोथी लिहून, तीन शोरूम पालथी घालून, शेवटी जुनीच?"

"हो काका. माझं चुकलं."

 काका वादाच्या तयारीने आले होते, सरसावून बसलेसुद्धा होते. मग बाबांना म्हणाले, "हिची तब्येत बरी आहे ना?" जाताना दारात थांबून म्हणाले, नव्या गाडीला टायर ते देतील, आणि टायर कुठले घ्यायचे हे मात्र कोणी त्यांना सांगायला येऊ नये.

१ एप्रिल

बुकिंग रद्द करायला गेले. फॉर्मवर 'रद्द करण्याचे कारण' असा भाग आहे. किंमत, रंग, उशीर, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि रेषेवर लिहिलं: क्लच नाही.

विक्रेत्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "मॅडम, क्लच नसणं हा तर फायदा आहे."

"हो. मीही तसंच लिहिलं होतं."

त्याने फॉर्मवर शिक्का मारला. डोंगराचं माहितीपत्रक दिलं. मी परत केलं, कागद कशाला वाया घालवायचा.

५ एप्रिल

सिस्टर पुन्हा नापास. चढावर गाडी मागे गेली. अधिकाऱ्याने पट्टीने मोजलं. पुढची तारीख नऊ मे. तोवर म्हातारी गेलेली असेल.

सिस्टर टेबलाशी बसून रडल्या. आईने त्यांना पाणी दिलं आणि वहीत काहीतरी खोडून पुन्हा लिहिलं. नंतर हळूच बघितलं. 'घाबरट दुसरी'मधलं 'घाबरट' खोडलं आहे. आता नुसतंच 'दुसरी' आहे.

बाबांनी त्यांना विचारलं, "मागे गेली तेव्हा काय केलंत? ब्रेक दाबलात?"

"नाही सर. क्लचनेच धरली. पण उशिरा."

"धरली ना? मग नऊ तारखेला या. गाडीचं मी बघतो."

११ एप्रिल

आज जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. मोठं मैदान, गाड्यांच्या रांगा, प्रत्येकीच्या काचेवर खडूने वर्ष लिहिलेलं. तिथला दलाल पान खाल्ल्यासारखा बोलतो, पण पान खात नाही. बाबांनी त्याला सांगितलं, "शिकवणीला पाहिजे." तो म्हणाला, "मग एकदम मऊ क्लचची देतो, पोरीबाळी शिकतील."

"मऊ नको. मऊवर शिकलेला माणूस कडकवर रडतो."

कबूल केल्याप्रमाणे मी बोलले नाही. अर्ध्या पानाचा अहवाल खिशात होता, तोही काढला नाही.

बाबा एकेका गाडीत बसायचे, इंजिन चालू करायचे, डोळे मिटायचे आणि डावा पाय हळूहळू वर आणायचे. मग उतरायचे. तिसऱ्या गाडीत बराच वेळ बसून राहिले. पाय वर आणला, खाली नेला, पुन्हा वर आणला. चेहरा मी ओळखते. आईने केलेला चहा मनासारखा झाला की तसा होतो.

"घ्या, सर," दलाल म्हणाला. "असा क्लच नव्या गाडीलाही नाही."

"नाही," बाबा म्हणाले. "खरंच नाही."

मग ते उतरून गाडीच्या मागे गेले. खिशातून पांढरा रुमाल काढला, झटकला, चार पदरी केला आणि धुराच्या नळीसमोर धरला. दलालाला म्हणाले, "जरा ॲक्सिलरेटर द्या." दलाल आत बसला. बाबा वाकून उभे होते, पेशंटचा ताप बघावा तसे. मोठ्याने आकडे मोजत होते. वीस झाले. रुमाल उलटून बघितला. मधे काळा गोल होता.

"ही नको," ते म्हणाले.

"अहो, आताच तर म्हणालात क्लच..."

"क्लच सोन्यासारखा आहे. ही नको."

मी काही बोलले नव्हते. खूणही केली नव्हती. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

आणखी पाच गाड्या झाल्या. प्रत्येकीला आधी रुमाल, मग क्लच. एकच रुमाल असल्यामुळे कोपरे पुरवावे लागले. चार कोपरे झाले, मग उलटी बाजू. आठव्या गाडीला डाग जेमतेम राखाडी आला. दलालाकडून तिचं धूर तपासणीचं प्रमाणपत्रही बाबांनी मागून घेतलं आणि माझ्या हातात दिलं. आकडे बघितले. ठीक होते. मी मान हलवली.

बाबा आत बसले. "क्लच जरा वर पकडतोय," म्हणाले. "सिस्टरना दोन दिवस जड जाईल. मग जमेल."

"म्हणजे घ्यायची?" दलालाने विचारलं. तो दमला होता.

"घ्यायची."

घरी आल्यावर आईने रुमाल चिमटीत धरून दाराबाहेर नेला. म्हणाली, "हा मी धुणार नाही. कोणाची ही अक्कल?"

बाबा म्हणाले, "घरात एकच शिकलंय."

रुमाल मी धुतला. दोनदा साबण लावला, मग मीठ घालून भिजवला. पाच गोल निघाले. तिसऱ्या गाडीचा राहिला.